आवळीचं जेवण आणि अव्वल साहेब

कुणाचे उपकार फेडायलाही सरकारी परवानगी लागते, ही गोष्ट झरी नाक्याचे टपालमास्तर रेणुकादास कंधारकर यांना वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळली. तोवर त्यांचा समज असा होता की उपकार फेडायला फक्त मन लागतं.

झरी नाका म्हणजे गाव म्हणावं तर गाव नव्हे. नांदेडहून आगगाडीत बसायचं, उतरल्यावर बैलगाडीत अर्धा दिवस हाडं खिळखिळी करून घ्यायची, की पाऊणशे माणसांची वस्ती लागते. एक किराणा दुकान, एक टपाल कचेरी, एक मारुती, आणि रस्त्यावर आडवा टाकलेला एक जाड लाकडी दांडा. दांड्याच्या अलीकडे निजाम सरकारचं राज्य आणि पलीकडेही निजाम सरकारचंच. फरक एवढाच की अलीकडे ऊन पडायचं. पलीकडे पैनगंगेपर्यंत राखीव जंगल होतं, आणि त्यात साग, ऐन, मोह, बांबू असे काही खेटून उभे होते की भर दुपारी माणसाला स्वतःची सावली सापडत नसे. शिकारीला येणारे साहेब, लाकडाचे ठेकेदार, आडवाटेने माहूरला निघालेले भाविक, सगळे या दांड्याशी थांबून मास्तरांना विचारत, "जंगल कुठाय?" मास्तर समोर बोट दाखवत. हे कामही त्यांच्याकडेच होतं, पण त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात नव्हती.

त्या वर्षी श्रावणात मास्तरांच्या बायकोला, सौदामिनीबाईंना, हिवताप झाला. साधा नव्हे. सहाव्या दिवशी त्या मास्तरांना 'दादा' म्हणायला लागल्या, तेव्हा मास्तरांचं धाबं दणाणलं. दवाखाना तालुक्याला. मधले तिन्ही नाले तुडुंब. शेजारचे दुकानदार विरूपाक्षअप्पा यांनी आपली गाडी जुंपून दिली, ती पहिल्याच नाल्यात चाकापर्यंत रुतली. मास्तर गुडघाभर चिखलात उभे राहून रेणुकामातेला हाक मारत होते. ओ दिली ती नागाबाईने.

नागाबाई जंगलातल्या पोडावरची. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. ती आठवड्याला मध आणि चारोळ्या घेऊन अप्पांच्या दुकानात यायची आणि सौदामिनीबाईंशी दोन शब्द बोलून जायची. तिने गाडीत वाकून पाहिलं, तशीच जंगलात गेली आणि नवरा भुजंग व आणखी पाच जणांना, शिवाय एक खाट, घेऊन आली. त्यांनी खाटेला बांबू बांधले, बाईंना वर निजवलं आणि डोंगराच्या धारेवरून, जिथे नाला आडवा येत नाही अशा जनावरांच्या वाटेने, अकरा कोस चालून दवाखान्यात पोचवलं. मास्तर मागून छत्री धरून चालत होते. पहिल्या कोसातच छत्री करवंदीच्या जाळीत अडकून उलटी झाली, तरी त्यांनी ती सोडली नाही. निदान आपण काहीतरी धरलंय, एवढं समाधान त्यांना हवं होतं.

बाई वाचल्या. डॉक्टर म्हणाला, अर्धा दिवस उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं.

बरं वाटल्यावर सौदामिनीबाईंनी नागाबाईला लुगडं दिलं. तिने नको म्हटलं. मास्तरांनी पितळेची घागर पुढे केली, तीही नको. शेवटी बाईंनी तिचा हात धरला.

"मग काय देऊ गं? मला नुसतं बसवत नाही."

नागाबाईने थोडा विचार केला. "कधी जेवू घाल," ती म्हणाली. "समद्यायला. खाटंला खांदा दिला त्या समद्यायला."

आता यात अवघड काय आहे? पण मास्तरांच्या घरात स्वयंपाकघराचा उंबरा होता, आणि त्या उंबऱ्याच्या आत कोण येऊ शकतं आणि कोण नाही, हे कंधारात राहणाऱ्या मास्तरांच्या आईने ठरवलेलं होतं. बाहेर ओट्यावर पानं मांडावीत तर ते बाईंच्या मनाला येईना. ज्यांनी खांद्यावर घेतलं त्यांना ओट्यावर बसवायचं?

"अहो, कार्तिक लागलाय," एके सकाळी त्या म्हणाल्या. "आवळीखाली जेवायचं असतं. जंगलात, त्यांच्या पोडाच्या वाटेवर मोठी आवळी आहे. तिथे सगळे एका पंगतीत बसू. झाडाखाली कसलं आलंय सोवळं!"

मास्तरांना हा तोडगा इतका आवडला की त्यांनी तो आपल्यालाच सुचल्यासारखा अप्पांना सांगितला. ही पहिली चूक.

विरूपाक्षअप्पा मूळचे उदगीरचे. जगातल्या कुठल्याही गोष्टीत धोका कुठे आहे हे त्यांना आधी दिसायचं.

"अय्यो मास्तर! दांड्याच्या आत चूल पेटवनार? राखीव जंगलात? मागल्या साली एक बैरागी चहा उकळत व्हता, त्याला चार दिवस चौकीत बसिवला. तुमी तर सरकारी मानूस. नोकरी जाईल की!"

"मग?"

"दरख्वास्त द्या. जंगल कचेरीला. उर्दूत. वजनदार लिवा. हलकं लिवलं की कचेरीत हलकं घेतात."

तेवढ्यात अप्पांच्या पत्नी उमादेवी आतून आल्या. त्यांना वाघ आठवला. वाघाचा बंदोबस्त मागा, म्हणाल्या. पाणी लांब आहे, त्याचीही सोय मागा. आणि मुख्य म्हणजे पुरणपोळी करा, कारण आवळीखाली पिठलं-भात केलेला त्यांनी पाहिलेला नाही. अप्पा म्हणाले, माणसं किती ते लिहा. सहा खांदेकरी, त्यांची बायकापोरं, आपण चौघं, असे पंचवीस. बरोबर गाड्या किती, तेही लिहा.

आता उर्दूबद्दल सांगायला हवं. मास्तरांना आपल्या उर्दू हस्ताक्षराचा फार अभिमान होता. खात्याच्या परीक्षेत परीक्षकांनी त्यांच्या अक्षराला शाबासकी दिली होती. अर्थ लागला की नाही याविषयी परीक्षक काही बोलले नव्हते, आणि मास्तरांनीही विचारलं नव्हतं. त्यांनी लांब बोरू घेतला, जाड कागद काढला आणि तीन कागद फाडून चौथ्यावर दरख्वास्त सिद्ध केली. 'जेवण' हा शब्द त्यांना फार घरगुती वाटला म्हणून त्यांनी 'तआम' लिहिलं. आवळीचं जेवण म्हणजे 'तआम-ए-आवल'. उर्दूत ळ नाही, त्याला मास्तर तरी काय करणार? खाली सही ठोकली, आपल्याच कचेरीत आपल्याच हाताने शिक्का मारला आणि रजिस्टर डाकेने पाठवली.

आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी जंगल चौकीदार हणमंत धापा टाकत आला.

"मास्तर, लई मोठ्ठं काम काढलंत राव! आवळीपस्तोर रस्ता साफ करून राहिलो आमी. दगडाला चुना लावायचा हुकूम हाय."

मास्तरांची मान हळूहळू ताठ झाली.

"चुना?"

"हाव. कमान बी हाय. शामियाना येऊन राहिला तालुक्याहून. हातपाय धुवायला येगळा तंबू."

संध्याकाळी मास्तर अप्पांच्या दुकानातल्या पोत्यावर बसून बोलत होते, ते ऐकण्यासारखं होतं. "अप्पा, लोक उगाच सरकारला नावं ठेवतात. दरख्वास्त नीट लिहिली की सरकार ऐकतं. मजकुरात अदब पाहिजे, अक्षरात डौल पाहिजे. मी हातपाय धुवायचा तंबू मागितलासुद्धा नव्हता हो!"

अप्पांच्या कपाळावर आठी होती. "जास्तच ऐकलंय सरकारनं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मास्तर पाहणीला गेले. कमान जरा डावीकडे झुकली होती, ती त्यांनी सरळ करायला लावली. आवळीच्या बुंध्याला लाल-पांढरे पट्टे पाहून मात्र त्यांना ओशाळल्यासारखं झालं. इतकं नको होतं, असं ते हणमंतला म्हणाले, पण हणमंतला ते पटलं नाही आणि मनातून त्यांनाही नाही.

मग तालुक्याहून जंगल कचेरीचे पेशकार साहेब, म्हणजे तिथले मुख्य कारकून, आले. घोड्यावरून उतरताच त्यांनी मास्तरांना गाठलं.

"मास्तर, साहब कौनसी मोटर में आरे? चाय पीते कि कहवा?"

"कोण साहेब?"

पेशकारांनी शेरवानीच्या खिशातून मास्तरांची दरख्वास्त काढली आणि मोठ्याने वाचली. जंगलात झाडाच्या सावलीत, अमुक तारखेस, दुपारी, 'तआम-ए-अव्वल'. सोबत पंचवीस असामी. पाण्याचा, वाघाचा आणि गाड्यांचा बंदोबस्त व्हावा.

अव्वल! जिल्ह्याच्या सगळ्यात मोठ्या अधिकाऱ्याला त्या राज्यात अव्वल तालुकदार म्हणत, आणि उभा जिल्हा त्याला नुसतं 'अव्वल साहेब' म्हणूनच ओळखायचा.

मास्तरांनी कागद हातात घेतला. शब्दाच्या सुरुवातीचा अलिफ डौलदार होता, उभा, सडसडीत, परीक्षकाने पुन्हा शाबासकी द्यावी असा. पण त्याच्या डोक्यावर 'आ' करणारी ती छोटी आडवी मद्द द्यायची राहून गेली होती. मद्द नाही म्हणून आवल नाही. आवल नाही म्हणून आवळी नाही. एका एवढ्याशा रेघेपायी आवळीचा अव्वल तालुकदार झाला होता.

माणसाची अक्कल काढलेली चालते, पण अक्षर काढलेलं सहन होत नाही. मास्तर कागदाकडे पाहत राहिले. त्यांच्या कानशिलांतून ऊन निघत होतं.

"मास्तर, क्या हुआ?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. ही दुसरी चूक.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, आणि ऐकून धावत आलेल्या अप्पांनाही सांगावं लागलं. अप्पांनी लगेच तीन सल्ले दिले. एक, आजारी पडा. दोन, साहेबांचा बेत रद्द झाला अशी आवई उठवा. तीन, गप्प बसा. येतील, बघतील, साहेब न्हाई दिसले की परत जातील. तिन्ही सल्ल्यांत मास्तरांची नोकरी वाचत होती. त्यामुळे तिन्ही मास्तरांना सारखेच आवडले.

सौदामिनीबाई डाळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "रस्ता साफ कोण करतंय?"

"चौकीदार. आणि त्यांनी बोलावलेली माणसं."

"कुठली माणसं?"

मास्तरांना ठाऊक नव्हतं. कमान सरळ आहे की नाही हे पाहण्यात ते इतके गुंतले होते की झुडपं तोडणाऱ्यांची तोंडं त्यांनी पाहिलीच नव्हती. ते उठले आणि ऊन उतरायच्या आत पुन्हा दांड्यापलीकडे गेले.

रस्त्यावर पोडावरची माणसं होती. साहेब येणार म्हटल्यावर बेगार ठरलेलीच. पाच दिवसांपासून भुजंग आणि त्याचे सोबती कुऱ्हाडीने करवंदीच्या जाळ्या तोडत होते आणि बायका नाल्यावरून डोक्यावर पाणी आणून चुना कालवत होत्या. नागाबाईच्या हातांना चुन्याने भेगा पडल्या होत्या. मास्तरांना पाहून ती हसली.

"मास्तर, कोन मोठा साहेब येऊन राहिला म्हनं. त्यो गेला की मंग आपलं जेवन करू. न्हाईतर पुढल्या साली. तुमी जीवाला लावून घेऊ नगा."

मास्तरांनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि त्यांना उभं राहवेना. ते चुना लावलेल्या दगडावर बसले आणि उठले तेव्हा धोतर मागून पांढरं झालं होतं. ज्या माणसांना जेवू घालायचं, त्यांनाच त्यांनी आपल्या सुंदर अक्षराने पाच दिवस राबायला लावलं होतं. श्रावणात त्यांनी निदान छत्री धरण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आता तर सगळं त्यांनीच केलं होतं.

ते तसेच पेशकारांच्या तंबूत गेले आणि सांगून टाकलं. मद्दसकट. पेशकार ऐकत होते, आणि त्यांच्या तोंडातलं पान चावायचं थांबलं.

"मास्तर, तुम गजब कर दिये!" ते म्हणाले. "मैं जिले कू लिख दिया ना, हुजूर के खाने का सब इंतजाम हो गया बोलके. और उधर से जवाब बी आ गया. साहब आरे!"

झालं होतं असं की जिल्ह्याच्या कचेरीत हे पत्र गेलं, तेव्हा तिथल्या लोकांना वाटलं, साहेबांनीच कधीतरी बेत ठरवला असेल आणि आपल्या टिपणात यायचा राहिला असेल. साहेबांना वाटलं, कचेरीने ठरवला असेल. दोघेही एकमेकांना विचारायला धजले नाहीत. ज्याला बोलावलंच नव्हतं असा माणूस, ज्याने बोलावलं नव्हतं अशा माणसाकडे, दोन दिवसांनी जेवायला येणार होता.

"आता?" मास्तर म्हणाले.

"अब चुप," पेशकार म्हणाले. "मेरे बी बाल-बच्चे हैं."

मास्तर फक्त एवढंच म्हणाले, "बायकांना तरी पाण्याच्या कामातून सोडा." पेशकारांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे कळलं नाही. दुसऱ्या दिवशी बायका पाणी आणतच होत्या.

ठरल्या दिवशी पहाटेपासून सौदामिनीबाई आणि उमादेवी पुरण वाटत होत्या. बाईंनी नवऱ्याला एकदाच विचारलं, "आज कोण जेवणार आहे?"

"बघू," मास्तर म्हणाले.

"बघू नाही. मी पंचवीस जणांचं पुरण घातलंय आणि ती पंचवीस माणसं मला तोंडपाठ आहेत."

अप्पांच्या दोन गाड्या भांडी घेऊन आवळीखाली पोचल्या, तेव्हा तिथे तालुक्याचा निम्मा सरकारी फौजफाटा जमला होता. कुणी कारकून, कुणी जमादार, कुणी कशाला आलाय हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मोठ्या माणसाचं जेवण म्हणजे कुणी बोलावण्याची वाट बघत नाही. पोडावरची माणसं लांब सागांच्या मागे उभी होती. शामियान्याजवळ यायची त्यांना मनाई होती.

अव्वल साहेबांची मोटर नव्या साफ रस्त्याने आली. उतरले ते पन्नाशीचे, शिडशिडीत गृहस्थ होते, डोळ्यांवर चष्मा, चेहऱ्यावर नेमकं कुठे आलोय ते न कळल्याचा पण ते दाखवायचं नसल्याचा भाव. सलाम झाले. हार झाला. साहेबांना मधल्या खुर्चीकडे नेलं.

आणि तेवढ्यात सौदामिनीबाई पत्रावळी घेऊन उठल्या. डोक्यावरचा पदर नीट केला, खुर्चीला वळसा घातला आणि सरळ सागांकडे चालत गेल्या. नागाबाईचा हात धरून तिला आवळीच्या बुंध्याशी आणलं, खाली बसवलं आणि पहिली पत्रावळ तिच्यापुढे मांडली.

पेशकारांनी डोळे मिटून घेतले. नागाबाई पळून जाईल की काय असं वाटत होतं, पण बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

मास्तर पुढे झाले. दोन दिवस त्यांनी मनात उर्दू वाक्यं जुळवली होती, एकेकात चार-चार अदबीचे शब्द होते. तोंड उघडलं आणि एकही वाक्य आलं नाही. आलं ते मराठी, आणि तेही कंधारचं.

"साहेब, चुकी माझी आहे. हे जेवण तुमचं न्हाई. हे हिचं आहे." आणि मग थांबताच येईना. श्रावण, ताप, नाले, खाट, अकरा कोस, छत्रीसुद्धा. दरख्वास्त, मद्द, रस्ता, बेगार, बायकांच्या डोक्यावरचं पाणी. "ज्यांचे पाय धरायचे त्यांना मी चुन्यात राबवलं. पेशकार साहेबांचा दोष न्हाई, माझ्या अक्षराचा आहे. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण ही माणसं आधी जेवू द्या. अन्न निवून चाललंय."

शेवटचं वाक्य आपण का बोललो हे मास्तरांना पुढे कधीच कळलं नाही.

साहेबांनी हात पुढे केला. पेशकारांनी दरख्वास्त दिली. साहेबांनी ती वाचली, चष्मा वर करून पुन्हा वाचली. मग त्यांच्या मिशा हलल्या.

"म्हणजे मी बिनबोलावलेला आहे," ते मराठीत म्हणाले. त्यांचं लहानपण परभणीला गेलं होतं, हे नंतर कळलं.

त्यांनी दरख्वास्तीची घडी घालून ती पेशकारांना परत दिली.

"आवळीखाली आमच्या शेजारचे लोक जेवायचे. मीही जायचो, आईला न सांगता." त्यांनी सागांकडे पाहिलं. "पेशकार साहेब, ही सगळी माणसं पाहुणे आहेत. बेगारीवर पाहुणे लावतात का? बसवा सगळ्यांना. आणि पाणी तुम्ही वाढा. तुमच्या माणसांनी इतके दिवस पाणी आणवलंय, एक दिवस द्यायला हरकत नाही." मग नागाबाईकडे वळून ते म्हणाले, "बाई, तुमच्या पंगतीत मला जागा आहे का?"

नागाबाईने एकदा सौदामिनीबाईंकडे पाहिलं, एकदा साहेबांच्या बुटांकडे.

"बस की," ती म्हणाली. "पर ते काढून बस."

साहेबांनी बूट काढले. त्या दिवशी आवळीखाली जी पंगत बसली तशी त्या जंगलाने पाहिली नसेल. भुजंगच्या शेजारी जमादार, जमादाराच्या शेजारी पोडावरची म्हातारी, तिच्याशेजारी कारकून. पेशकार तांब्या घेऊन फिरत होते आणि दर वेळी वाकताना पाठ धरत होते. हणमंतने बसू की नको असं तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा न विचारता बसला. अप्पा तूप वाढत होते आणि उमादेवी त्यांच्यामागे येऊन पुन्हा वाढत होत्या, कारण अप्पांची धार किती बारीक ते त्यांना माहीत होतं. पोळ्या संपत आल्या तशा बाई अर्ध्या करून वाढायला लागल्या. साहेबांनी कटाची आमटी दोनदा मागून घेतली.

जाताना त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं. मास्तरांनी बदलीची, दंडाची, निदान दटावणीची तयारी ठेवली होती.

"अक्षर फार सुंदर आहे तुमचं," साहेब म्हणाले. "पण इथून पुढे दरख्वास्त मराठीत करा. वाचायला मी माणूस शोधीन."

मोटर गेली, मागोमाग फौजफाटा गेला. शामियाना उतरवायला घेतला. मास्तर आवळीच्या मुळावर टेकले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यांना आपल्या पोटाची आठवण झाली. त्यांनी भांड्यांकडे पाहिलं. पुरणाचं पातेलं पुसून स्वच्छ होतं. भात नव्हता. आमटीच्या तळाशी एक कढीपत्त्याचं पान होतं. पंचवीस माणसांच्या स्वयंपाकावर सत्तर जेवली होती आणि यजमान चौघं उपाशी होते. अप्पा आणि उमादेवी एकमेकांकडे न बघता भांडी आवरत होते, म्हणजे त्यांनाही भूक लागली होती.

नागाबाईने हे पाहिलं. तिने पोडावरच्या बायकांना काहीतरी सांगितलं. त्यांनी सागांच्या मागे ठेवलेली फडकी आणली आणि सोडली. ज्वारीच्या भाकरी होत्या, अंबाडीची भाजी होती, लाल मिरचीचा ठेचा होता. रोज राबायला येताना घरून आणायच्या, तशाच आजही आणल्या होत्या. आज जेवण मिळेल यावर त्यांचा भरवसा नव्हता, आणि तो का नव्हता हे मास्तरांना नीट समजत होतं.

नागाबाईने पळसाची चार पानं मांडली. "बसा आता तुमी," ती म्हणाली.

अप्पा-उमादेवी बसले. सौदामिनीबाई बसल्या. मास्तर उभे राहिले. त्यांना कंधारातली आई दिसत होती, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, हातात पळी घेऊन.

"अहो, आई कंधारात आहेत," सौदामिनीबाई भाकरी मोडता मोडता म्हणाल्या. "भूक इथे आहे."

मास्तर मांडी घालून बसले. भाकरी गार होती आणि कडांना कडक होती. अंबाडी आंबट होती. ठेच्याने दुसऱ्याच घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं, आणि मग ते पाणी काही थांबेना. भुजंग आणि बाकीचे समोर उकिडवे बसून त्यांना जेवताना बघत होते. आपण फेडायला आलो होतो, मास्तरांच्या मनात आलं, आणि आणखीच देणं करून निघालो. पण याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. इतकं हलकं त्यांना या गावात आल्यापासून वाटलं नव्हतं. उलट वाटत होतं, हे असंच राहावं, कधी फिटू नये, म्हणजे दर वर्षी इथे यायला कारण राहील.

"तिखट लागलं काय मास्तर?" नागाबाईने विचारलं.

मास्तरांनी नाक पुसत मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणाला कळलं नाही.

"अजून एक देऊ?"

मास्तरांनी दोन्ही हात पुढे केले.